आत्याची कळशी

पाण्यावरून झालेला अपमान आमच्या आत्याइतका मनाला लावून घेणारं माणूस घोड नदीच्या दोन्ही काठांना झालं नसेल. चौकातला नळ कोरडा राहिला की लोक नशिबाला बोल लावत. आत्या नगरपालिकेत जाऊन बसे. सोबत रिकामी कळशी नेई आणि ती शेजारच्या खुर्चीवर ठेवी. शिपायाने खुर्ची मोकळी करायला सांगितलं, की म्हणे, "तीबी सायबाला भेटायलाच आलीया." घरी पाहुणा आला, तर चहाआधी त्याला आमचा चढ चढताना दम लागला का, हे ती विचारी. लागला असेल तर पाइपलाइनच्या अर्जावर त्याची सही घेई. रांजणगावच्या कंपनीची बस चुकलेला, रस्ता विचारायला आलेला एक बिहारी कामगारही असाच आमच्या आळीचा अर्जदार झाला होता.

पाइपलाइन खालच्या चौकात संपे. वर आमच्या आळीत नगरसेवकांचा टँकर येई, पाठीवर त्यांचं नाव ठळक रंगवलेलं. लग्न असो की दहावं, टँकर हजर. लोक हात जोडत. आत्या ते पाणी तुळशीलाही घालत नसे.

एकदा लोकसहभागाची सभा भरली. नगरपालिकेच्या साहेबांनी पाण्याची योजना वाचून दाखवली आणि ते टाळ्यांची वाट पाहू लागले. आत्या उठली.

"टाळ्या वाजवाया बोलिवलंय व्हय आमाला? पाइप कुठवर न्यायचा, ते आदी इचारा की."

नगरसेवक हसून म्हणाले, "आत्या, टँकर देतोय न्हवं?"

"म्हणूनच पाइप येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती टँकरसमोर उभी राहिली. ड्रायव्हरला म्हणाली, "बाबा, मागं घे. आमच्याकडं आज लगीन न्हाई." मग हे रोजच सुरू झालं. तो सबंध उन्हाळा आम्ही चौकातून पाणी वाहिलं, मनात तिलाच दोष देत. ती सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर हंडा. आणि वाट मुद्दाम लांबची, नगरपालिकेच्या दारावरून जाणारी. दिवाळीच्या आधी आळीत पाइप आला.

परवा आत्या गेली. तो नळाचा दिवस नव्हता. स्मशानातून परतणाऱ्यांच्या पायांवर घालायला पाणी पुरेना, तेव्हा नगरसेवकांनी, अगदी मायेने, टँकर धाडला. तो वळणावर दिसला मात्र, आळीतल्या बायका उठून आपापल्या घरांत गेल्या आणि साठवणीतले भरलेले हंडे घेऊन बाहेर आल्या. ड्रायव्हरने आपणच गाडी मागे घेतली.

आज नळ आला. पहिल्या धारेखाली मी तिची कळशी भरली आणि ओसरीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली.