पांढरे ठिपके

अंबडच्या रबराच्या कारखान्यात प्रयोगशाळा मी बघते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन मशीन आणि मी. द्राक्षांच्या फवारणी पंपात रबराचा पडदा असतो. तो चिरला की ऐन फवारणीत पंप बंद. म्हणून मी हट्टाला पेटले होते, स्वतःची चीर स्वतः सांधणारं रबर करायचं. रबरात पावडरीएवढ्या बारीक कुप्या मिसळायच्या, कुप्यांत चिकट द्रव. रबर चिरलं की तिथल्या कुप्या फुटतात, द्रव चिरेत उतरतो आणि चीर धरते.

मिसळायचं काम मिलवरच्या, म्हणजे रबर मळायच्या यंत्रावरच्या काकांचं. निफाडकडचे, निवृत्तीनंतर महिन्यामहिन्याच्या बोलीवर ठेवलेले. दोन रोलरमधून रबर काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांना कुप्यांची पिशवी देताना मी 'पावडर आहे' एवढंच सांगितलं. बातमी शेजारच्या कारखान्यात जाईल ही भीती होती. खरं सांगायचं तर, काकांना काय कळणार, हा माजही होता.

तयार रबराची पट्टी मी कापली, कापलेली टोकं एकमेकांना लावून दिवसभर दाबून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या साहेबांनी ती ओढली. सरळ दोन तुकडे झाले.

"मिसळलं कोणी?"

काका पुढे आले. "मीच, साहेब. पांढरे ठिपके दिसत व्हते. ठिपक्याचा माल मी आजवर दिला नाय. रोलरमधली फट आवळून धा-बारा वेळा काढलं, तवा कुठं गेले."

ते ठिपके म्हणजेच कुप्या. मिलवरचा कोणताही चांगला माणूस हेच करेल, कारण ठिपका राहिला म्हणजे माल नीट मिसळला नाही. काकांनी माझ्या साऱ्या कुप्या मन लावून चिरडल्या होत्या.

"वय झालं तुमचं," साहेब म्हणाले. "एक तारखेपासून येऊ नका."

मी वहीत डोकं घातलं.

दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. स्वतःचाच भयंकर राग आला. तशीच उठले, साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं की चूक माझी, मी काकांना काही कळूच दिलं नव्हतं.

"आणखी एकदा करा," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर काका जातील आणि तुमचं हे खूळही बंद."

मग काकांना सगळं समजावलं. या खेपेला त्यांनी फट सैल ठेवली, कुप्या अगदी शेवटी घातल्या, रबर तीनदाच काढलं. रबराचा तो ठिपक्यांचा तक्ता माझ्या हातात देताना मात्र त्यांनी तोंड फिरवलं.

पुन्हा कापलं, पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी मी पट्टी सोडवली. साहेबांनी ओढली. पट्टी ताणली, सांध्यापाशी पांढरट पडली. त्यांनी आणखी जोर लावला. सांधा सुटला नाही.

"काकांना सांगा, राहा म्हणावं," एवढं बोलून साहेब गेले.

मी धावतच मिलपाशी गेले. काका रोलर पुसत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पयल्या खेपेला कुप्या माझ्या हातनं फुटल्या, हे तुमाला कवा कळलं?"

"तुम्ही साहेबांना सांगितलंत, तेव्हाच."

"मंग तवाच का नाय बोलल्या?"

भीती वाटली, असं म्हणायचं होतं. मी दुसरं फडकं उचललं आणि रोलर पुसू लागले.