बोटं न उमटलेली भाकरी

आधी माफी मागतो. नोकरीतले अनुभव लिहावेत ते निवृत्त झालेल्या, चार ठिकाणचं पाणी प्यायलेल्या माणसांनी. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच, त्यामुळे लिहिताना कुणी मागून वाचतंय असं सारखं वाटतं. कामही अर्धवेळच. तरी लिहितोय, कारण या कामात माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता आणि तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. लिहिताना निदान मध्येच कुणी तोडत नाही.

ऑफिसात आमचे साहेब, सोनवणे सरांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, "हे कोण आहेत?"

"प्रेक्षक आहेत सर."

"कुठले?"

"पाथर्डीकडचे."

"म्हणजे तुझ्या गावचे. आणि सगळ्यांनी एकच सीन सांगितलाय. तोसुद्धा सिरियलमध्ये नसलेला."

मला वाटलं सर गंमत करतायत. ते करतातही. पण या वेळी त्यांनी चहा हातात तसाच धरून ठेवला होता.

आम्ही काय काम करतो ते सांगायला हवं. केडगावला टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. लग्नाचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती आणि मुंबईच्या एका चॅनेलसाठी बाईट. बाईट म्हणजे माणसाच्या सदऱ्याला छोटा माईक लावून त्याला कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलतं करायचं. ऐकायला सोपं आहे. माईक लावला की चांगला बोलका माणूस मुका होतो आणि मुका माणूस भाषण करतो. यात नियम एकच, तोंडात शब्द घालायचे नाहीत. "तुम्हाला कशाची भीती वाटली?" असं विचारायचं. "त्या साडीची भीती वाटली ना?" असं विचारलं की बाईट मेला, असं सर म्हणतात.

चॅनेलची 'निळ्या काचांचा बंगला' ही मालिका संपत आली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: थंड हवेच्या गावात एक श्रीमंत बंगला. थोरली सून मृणाल जिन्यावरून पडून मेलेली. धाकटी सून ईशा लग्न होऊन येते आणि मृणाल अजून घरातून गेलेली नाही हे तिला हळूहळू कळतं. बंगल्यात कायम धुकं असतं आणि बायका झोपतानाही दागिने काढत नाहीत. शेवटच्या आठवड्यात चॅनेलला खास कार्यक्रम करायचा होता. मालिकेतला सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण कोणता, ते चाहत्यांनी सांगायचं. आपल्या जिल्ह्याचे बाईट माझ्याकडे आले. हे काम नीट झालं तर मला कायम ठेवायचं, असं सर म्हणाले होते.

सुरुवात केडगावातच केली. एक निवृत्त एसटी कंडक्टर काका भेटले.

"मी असलं बघत नाही," ते म्हणाले. "ही बघते. मी आपला पेपर वाचत बसतो."

"बरं, मग काकूंना विचारू?"

"थांबा. ती मृणाल आरशात आली ना, त्याच्याआधी दिवा हलला होता. खिडकी बंद होती. आदल्याच भागात ईशानं स्वतः कडी लावलेली. मग वारा आला कुठून?"

आतून काकूंचा आवाज आला, "पेपर उलटा होता हो तुमचा त्या दिवशी!"

सुप्याला कंपनीच्या बसची वाट बघणारी एक ताई म्हणाली, "ईशा माळ्यावर गेली तो सीन."

"माळ्यावर काय दिसलं तिला?"

"कुणाला माहीत! गॅसवर दूध ठेवून वर गेलती ती. माझा सगळा जीव खाली दुधात."

शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, भूत करील की गॅस बंद."

"भूत कशाला करील? सासरचंच भूत ते."

राहुरीला एका खतदुकानदाराला दोरीवरच्या साडीनं घाबरवलं होतं. मृणालची साडी रोज सकाळी ओली, वाळत घातलेली दिसते आणि ती धुतली कुणी हे कुणालाच माहीत नसतं. "तेव्हापासून अंधार पडला की आमच्याकडे वाळलेले कपडे काढायला कुणी जात नाही. मलाच जावं लागतं. आणि खरं सांगू का, घरात सगळ्यांत जास्त मीच घाबरतो." मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "हे चालू आहे? मग ते शेवटचं तेवढं काढून टाका."

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. सर म्हणाले, आता जरा खेड्यातली माणसं आण. मी माझीच वाडी निवडली. उन्हाळ्याचे दिवस होते. ऊसतोडीला गेलेली माणसं हंगाम संपवून परतली होती. शिवाय तिथं मला "तू कोण?" असं कुणी विचारणार नव्हतं. ओळखीच्या माणसांसमोर मी कमी अडखळतो.

पहिला बाईट आईचा घेतला. ती पदर सारखा करून बसली आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागली.

"मृनाल पहाटं सैपाकघरात आली. चुलीम्होरं बसली. समद्यांच्या भाकरी थापल्या. सकाळी समदी जेवली बी. मंग ईशानं टोपल्यातली भाकर उचलून बघितली, तर तिच्यावर बोटंच उमटल्याली न्हाईत. हातानं थापलेली भाकर, आन बोटं न्हाईत! ताटावानी गुळगुळीत."

ज्यांच्या घरी भाकरी रोज होत नाही त्यांना सांगतो, थापलेल्या भाकरीवर बोटांचे ठसे राहतातच. आमच्या वाडीतल्या बायका नुसती भाकरी बघून ती कुणाच्या हातची ते सांगतात. बोटं नसलेली भाकरी म्हणजे हात नसलेल्या बाईनं केलेली भाकरी. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

मग शेजारचे दगडूभाऊ बसले. त्यांनीही तोच सीन सांगितला. "तवापासून मी भाकर उलटीपालटी करून बघितल्याबिगर खात न्हाई."

त्यांची बायको म्हणाली, "आन बोटं दिसली की मंग मिठाला नाव ठिवतो."

त्यानंतर जो बसेल तो भाकरीच सांगायचा. मी खूश होतो. एकाच सीननं अख्खी वाडी घाबरली, म्हणजे सीन केवढा भारी असेल! मी स्वतः तो पाहिला नव्हता. हॉस्टेलच्या टीव्हीवर क्रिकेटशिवाय काही लागत नाही. तो शोधून बघावा, हे मला सुचलं नाही.

आणि आता सर सांगत होते, "चॅनेलच्या मॅडमचा फोन होता. त्या म्हणाल्या, आमच्या बंगल्यात चूलच नाही. मॉड्युलर किचन आहे. आणि त्या घरात भाकरी कुणी खात नाही, सकाळी टोस्ट असतो. त्यांना वाटतंय, तू घरच्या लोकांना पाठ करून बोलायला लावलंस."

"मी नाही केलं सर."

"मग वाडीला सामुदायिक स्वप्न पडलं का? सुनील, हे कुठून आलं ते शोध. नाहीतर तू तर जाशीलच, माझंही चॅनेलचं काम जाईल."

मी दुपारच्या एसटीनं वाडीवर गेलो. आई शेळीला पाला टाकत होती.

"आई, तो भाकरीचा सीन तू कुठं बघितलास?"

"टीव्हीवर."

"कुठल्या टीव्हीवर? अख्खा हंगाम तर तुम्ही ऊसतोडीच्या फडावर होता."

आई थांबली. "व्हय की. फडावर कुठला टीव्ही! हौसाबाईनं फोनवर सांगितलं. पन बघितल्यावानीच हाय रं. ती मृनाल मला आत्ताबी दिसती."

हौसामावशी आमची कोणी नात्यातली नाही, पण वाडीची मावशी आहे. मागं कधीतरी ट्रॉलीखाली पाय सापडला, तेव्हापासून ती तोडीला जात नाही. हंगामात वाडीत चार म्हातारी माणसं उरतात. मावशी सगळ्यांच्या शेळ्या-कोंबड्या सांभाळते आणि घरांवर लक्ष ठेवते. फडावर मोबाईलला रेंज बोलण्यापुरतीच असते, व्हिडिओ नुसता फिरत बसतो. म्हणून रोज संध्याकाळी जेवणं झाली की टोळीतली माणसं एका कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या खोपटासमोर, जमायची, मावशीला फोन लावायची, स्पीकर चालू करायची आणि त्या दिवसाचा भाग ऐकायची. हे मला माहीत नव्हतं. मी तर अभ्यासाला शहरात.

मावशी ओट्यावर तूर निवडत होती. मी सरळच विचारलं. ती हसली.

"आलं व्हय तुझ्याम्होरं? वानरांनी छत्री वाकवली रं." छत्री म्हणजे छपरावरची डिश. "समदं मुंग्यावानी दिसाया लागलं. सांज झाली तसा ह्यांचा फोन आला. 'मावशे, आज काय झालं?' आता म्हनले असते टीव्ही बंद हाय, तर 'बरं' म्हनून ठिवला असता त्यांनी फोन. मंग म्या सांगितलं आपलं काय बी."

"रोज?"

"छत्री नीट हुस्तोवर. मृनालला काय, मेलीच हुती ती. कुठंबी बसवावी. म्या चुलीम्होरं बसवली."

"आणि बोटं?"

"ते मलाबी ठावं नव्हतं. बोलता बोलता आलं. पलीकडं समदी गप झाली, तशी मीबी भ्याले. दोन दिस दार लावून भाकरी केल्या."

मी लिंबाखाली जाऊन सरांना फोन लावला. सगळं ऐकून सर इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अरे, हीच तर स्टोरी! वानरांनी लिहिलेला एपिसोड! तिचा बाईट आण. तू सुटलास, मी सुटलो. कार्यक्रमाची सुरुवातच तिच्यापासून करू."

"ती नाही म्हणाली तर?"

"मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून तो खिशात ठेव. नंतर बघू."

मी माईक घेऊन परत ओट्यावर गेलो. मोबाईल खिशात होता. तो चालू करावा असं मनात आलं नाही, असं म्हणणार नाही.

"मावशे, टीव्हीवर येशील तू. आत्ता मला सांगितलंस तेवढंच बोलायचं."

"वाडीत बी दिसंल का?"

"दिसंल की."

"तुझ्या आयला? दगडूला?"

"समद्यांना."

ती तूर चाळत राहिली. मग म्हणाली, "मंग म्होरल्या साली मला फोन कोन करील रं?"

तिनं माझ्या हातातला माईक घेतला, उलटसुलट करून बघितला आणि त्याचा चिमटा माझ्याच खिशाला लावून दिला. "तूच बोल काय बोलायचं ते. शिकलायस ना?"

मी चिमटा काढून माईक पिशवीत ठेवला. शेवटी तिनंच विचारलं, "जेवून जातूस का?" मी जेवलो. भाकरी हातात घेतल्यावर आधी उलटून बघितली. तिनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी हात पुढं केला. "बाईट?"

"नाही मिळाला सर."

"खिशातला?"

"घेतला नाही."

"मग मॅडमना काय सांगू?"

"मी तोंडात शब्द घातले नाहीत, एवढंच. आणि मावशीचं त्यांना काही सांगू नका सर, प्लीज."

"पुरावा न देता वर अट घालतोयस?"

"हो सर," म्हणालो. सरांना इतकं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच दिलं असेन. मग त्यांनी माझ्यासमोरच वाडीचं सगळं फुटेज डिलीट केलं आणि मॅडमना फोनवर सांगितलं, "मुलगा नवीन आहे, चुकून सिरियल न बघितलेल्यांचेच बाईट घेऊन आला." त्यांचं काम वाचलं. माझं बाईटचं काम गेलं. मला लोअर थर्डवर बसवलं. लोअर थर्ड म्हणजे पडद्याच्या खाली माणसाचं नाव येतं ती पट्टी. तिथं नावं टाईप करायची. पहिल्याच दिवशी केडगावच्या काकांचा फोन आला. "नावाखाली 'मालिकेचे चाहते' लिहू नका, 'निवृत्त कर्मचारी' लिहा."

कार्यक्रम लागला. काका आले, सुप्याची ताई आली, खतदुकानदार तर त्या शेवटच्या वाक्यासकट आले. वाडीचं कुणीच आलं नाही. मला सगळ्यांत जास्त काळजी मावशीची वाटत होती. कार्यक्रमात साडी दाखवली, आरसा दाखवला, जुने सीन दाखवले, आणि भाकरीचा कुठं उल्लेखही नाही. वाडीत सगळे तिच्याच टीव्हीसमोर बसले असणार. कुणी ना कुणी तिला विचारलंच असेल. मी काही दिवस घरी फोनच केला नाही.

या धंद्यात मी एवढं शिकलो की "काय बघितलं?" हे विचारायच्या आधी "कुठं बसून बघितलं?" हे विचारून घ्यावं. सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, लिहून भिंतीवर लाव.

शेवटी आईचाच फोन आला.

"तोंड कशाला लपवतूस? कुनी रागावलं न्हाई."

"आई, तुमचं कुणाचंच दाखवलं नाही..."

"ते कसं दाखवत्याल? बाकीच्यांच्या साड्या आन आरसे दाखवले. आमचं कापलं. दगडूभाऊ म्हनला, आपला शीन लई भ्या घालनारा, टीव्हीवाल्यांची छाती झाली न्हाई. म्हनून तर त्यांनी तो भाग परत कंदी लावलाबी न्हाई. समद्यांला पटलं."

मी घाबरतच विचारलं, "आणि हौसामावशी? ती काय म्हणाली?"

"ती काय म्हनती! म्हनली, म्या येळंवर बघितला म्हनून बरं, न्हाईतर तुमाला कळलाबी नसता."