गौरम्मा आणि घाटाचा कागद

तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि सोलापुरात इंग्रजांचं राज्य होतं. आमची पेठ तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. भाद्रपदातल्या अमावास्येपासून नऊ दिवस आमच्या बायका बतुकम्मा मांडायच्या. माळावरची तरवडाची पिवळी फुलं, कुरडूची गुलाबी, झेंडू, असं परातीत थरावर थर रचत उंच निमुळता मनोरा करायच्या. शेंड्यावर हळदीची गौरम्मा, म्हणजे आमची गौर, बसवायची, भोवती टाळ्यांवर फेर धरायचा. नवव्या दिवशी तळ्यावर जायचं, गौरम्माची हळद सगळ्या सवाशिणींनी मंगळसूत्राला लावायची आणि फुलं पाण्यात सोडायची.

हे कधीपासून चालत आलं होतं कुणास ठाऊक. पण तळ्यावरचा पहारेकरी दर वर्षी काठी आपटत यायचा. फुलांनी पाणी नासतं म्हणायचा आणि बायकांना घाटावरून हुसकायचा. माझ्या मैत्रिणीचे वडील आमच्या पेठेचे पंच. माग बंद ठेवून ते कचेरीत खेटे घालायचे, अर्जावर अर्ज द्यायचे. सहा वर्षांनी उत्तर आलं. उत्सवाला सरकारी मान्यता मिळाली होती. नवव्या दिवशी घाट आमचा. एक गोरे साहेब मडमसह येऊन कागद देणार होते आणि तो घ्यायला पेठेतल्या दोन मुली ‘प्रतिनिधी’ म्हणून उभ्या राहणार होत्या.

मराठी शाळेत जाणाऱ्या आम्ही दोघीच. म्हणून माझी मैत्रीण आणि मी.

"प्रतिनिधी म्हंजे काय हो, बाई?" तिनं शाळेत विचारलं.

"सगळ्यांच्या वतीनं बोलायचं," बाई म्हणाल्या.

"पण आमाला तर बोलायचं न्हाय. नुसतं नमस्कार करायचा म्हणलेत," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

नवव्या दिवशी दुपार कलताना घाटावर मांडव सजला. परात माझ्या हातात होती. मैत्रीण शेजारी, नव्या निळ्या परकरात. बायका फेर धरून गात होत्या. मडम आमच्याजवळ आली, खाली वाकून तिनं फुलं बघितली, काहीतरी गोड बोलली. मग दोन बोटांनी तिनं शेंड्यावरची गौरम्मा उचलली.

गाणं मध्येच तुटलं.

साहेबांबरोबर आलेला कारकून मराठीत म्हणाला, "बाईसाहेबांना हे फार आवडलं. आठवण म्हणून घेऊन जाणार आहेत." मडमनं हातातली पिशवी उघडली.

माझे हात परातीला चिकटल्यासारखे झाले. समोर माझ्या अम्माचं तोंड उघडं राहिलेलं दिसत होतं. शंभर बायका, पण एकीनंही पाऊल पुढं टाकलं नाही. तेवढ्यात मैत्रिणीनं पुढं होऊन मडमचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं तिची बोटं सोडवली आणि गौरम्मा काढून घेतली. पांढऱ्या हातमोज्यावर हळदीचा डाग उमटला.

"ही देवी हाय," ती म्हणाली. "एकट्यानं न्हेता येत न्हाय. हिची हळद समद्यांची हाय."

कारकुनानं त्याचं इंग्रजी केलंच नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. गर्दीतून मैत्रिणीचे वडील धावत आले आणि त्यांनी तिच्या कानाखाली मारली. इतक्या जोरात, की ती माझ्या अंगावर कलंडली आणि परात हलून फुलांचा वरचा थर ढासळला.

त्या माणसाला पोरींवर आवाज चढवतानाही कुणी ऐकलं नव्हतं. तेच आता साहेबांपुढं हात जोडून "चुकलं, मायबाप, पोर हाय" म्हणत होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मडम त्यांच्यावरच तावातावानं काही बोलली. तिचे डोळे भरले होते. कारकुनानं तेही आम्हाला सांगितलं नाही.

मैत्रीण रडली नाही. तिनं फुलं सारखी केली, गौरम्मा जागेवर बसवली, परात माझ्या हातातून घेतली आणि बायकांत जाऊन उभी राहिली. कागद मी एकटीनं घेतला. वाकून नमस्कार केला. टाळ्या झाल्या.

घाट आम्हाला मिळाला, पहारेकरी पुन्हा काठी घेऊन आला नाही. कागदाला चौकट करून तो पंचांच्या घरी लावला. पण ते स्वतः पुढं कधी उत्सवाला तळ्यावर आले नाहीत. "अंग बरं न्हाय" म्हणून मागावर बसून राहायचे. पुढच्या वर्षी साहेब उत्सव बघायला येणार होते, तेव्हा प्रतिनिधी म्हणून मला आणि दुसऱ्याच एका मुलीला बोलावलं. मैत्रिणीचं नाव कुणी काढलं नाही. मी जाते म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती भिवंडीला निघाली. जाण्याआधी आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"तुज्या हातात परात व्हती म्हणून तू हलली न्हाईस. व्हय की न्हाय?"

"व्हय," मी म्हणाले.

खरं तसं नव्हतं. मडमनं पिशवी उघडली तेव्हा माझ्या मनात आलं होतं, जाऊ दे, हळदच तर आहे, कागद तरी मिळेल. अम्मानं सकाळी न्हाऊन, उपाशीपोटी ती गौरम्मा केली होती, आणि मी तिची लेक. तो विचार माझाच होता, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. मैत्रिणीला मात्र माझं ‘व्हय’ पुरलं. तिनं माझा हात दाबला आणि सासरच्या गावाला माळावर तरवड मिळतो का, याची चौकशी करत बसली.