पाय लागला तेव्हा

पोटऱ्यांवर आणि मनगटांवर सुया टोचून घेऊन मी आडवा पडलो होतो. अंथरुणाला पाठ टेकली की माझे पाय वळवळतात, आपोआप झटकतात. त्यावर हा ॲक्युपंक्चरचा उपाय, आणि जोडीला चिनी झाडपाल्याचा काढा. त्याच्या वासाने आमची मांजर शेजारी राहायला गेली आहे.

शेवटची सुई टोचायला डॉक्टरीणबाई वाकल्या आणि माझी लाथ थेट त्यांच्या खांद्यात बसली. मुलीच्या वयाची बाई! पाय लागला म्हणून मी सवयीने नमस्काराला हात उचलला.

"काका, पोचला नमस्कार! हात खाली, सुया आहेत!"

स्टुलावर बसलेली माझी बायको म्हणाली, "मी रोज रात्री लाथा खाते, मला नाही कधी नमस्कार मिळाला."

दोघी हसल्या. मीही हसलो, पण मनात हिशेब सुरू झाला. पुस्तकाला पाय लागला, कुणा अनोळखी माणसाच्या पिशवीला लागला, तरी माझा हात छातीशी जातो. हिला लागला की मी फक्त कूस बदलतो. आपलं माणूस म्हणजे बहुतेक गादीचाच भाग वाटत असावा.

डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या. माझ्या पायजम्याची घसरलेली घडी वर करायला ही उठली, तोच पाय पुन्हा झटकला आणि तिच्या मनगटावर आपटला. तिने मात्र सवयीने माझ्याच पायाच्या अंगठ्याला बोटं लावून कपाळाला नेली.

मला तोंड लपवायलासुद्धा हात हलवता येत नव्हता.