पलीकडच्या खाटेचं औषध

मामंजींच्या पोटातली गाठ कॅन्सरची आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना सोडून. त्यांना आम्ही अल्सर सांगितला होता. तेव्हा तसंच करत. माणहून चिंचवडच्या एका दवाखान्यात आणलं, तेव्हा बरं होण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुखणं कमी व्हावं, एवढंच.

पुण्याहून एक तरुण डॉक्टर यायचा. दुखण्यावरचं एक नवं औषध तो देऊन बघत होता. त्याने आमच्या यांना विचारलं, वडिलांना देऊ का? हे शिफ्टवरून थेट आलेले, अर्धे झोपेत. साहेब म्हणतील तसं, म्हणाले. मामंजींना कुणी विचारलं नाही.

लाल औषधाची बाटली आली. शेजारच्या खाटेवर हायवेलगतच्या गॅरेजमधले मुसलमान मिस्त्री होते, त्यांनाही तशीच. मामंजी चमचाभर घेत आणि थोड्या वेळाने पाय सोडून झोपत. मिस्त्री तेवढंच घेत आणि खाटेची लोखंडी पट्टी आवळून बसत.

वॉर्डात डबा उघडला की आधी शेजारच्या खाटेला द्यायचं, मग आपण खायचं, अशी रीत होती. मामंजींना भाकरी जात नव्हती, तरी अर्धी मोडून ते मिस्त्रींकडे सरकवत. एका दुपारी म्हणाले, "सूनबाई, माझ्या बाटलीतलं त्यांना बी दे. त्यांची नासल्याली दिसतीय." मी दिलं. मिस्त्रींना झोप लागली. मग मी रोजच देऊ लागले.

डॉक्टरने बाटली एवढी उतरली कशी विचारलं, तर मामंजींनी सरळ सांगून टाकलं. "त्यो तळमळतोय अन् मी नुसता बघू व्हय?"

डॉक्टरने मला बाहेर बोलावलं. काही बाटल्यांत नुसतं रंगीत गोड पाणी असतं, त्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही, म्हणाला. आता या दोघांचं काही हिशेबात धरता येणार नाही, बाटल्या परत न्याव्या लागतील. मिस्त्रींना हे माहीत आहे का, मी विचारलं. सांगितलं तर काय उपयोग, तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पुढे किती जणांचं दुखणं थांबेल, ते मला समजावत राहिला. मामंजींची तेवढी राहू द्या, मी म्हटलं. ते त्याच्या हातात नव्हतं म्हणे.

मग दुखण्यावर नेहमीची सुई. तिचा अंमल उतरला की मामंजी विचारत, "बाटली आली का?" येतेय, मी म्हणे. "माझ्यामुळं चाचांची दवा गेली," मिस्त्री एकदाच म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मामंजी गेले, ओरडत गेले. त्यांची भांडी आणायला मी परत गेले, तर डॉक्टर भेटला. औषध थांबल्यावर त्रास कसा वाढला, ते सांगाल का, त्याने विचारलं. मी सगळं नीट सांगितलं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल ते. तो लिहून घेत होता.

मग मी विचारलं, "मिस्त्रींना आता तरी खरी बाटली देणार का?"

त्याने पेनाला टोपण लावलं.