मागच्या सीटवर बसून घेतलेली गाडी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी काय करतो? कोणी बॉनेट उघडतो, कोणी टायरला लाथ मारून बघतो, आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही तो हॉर्न वाजवतो. हा पोरगा मात्र सरळ मागचं दार उघडायचा आणि मागच्या सीटवर जाऊन बसायचा. आधी या टोकाला, मग मधे, मग त्या टोकाला. गुडघे पुढे टेकतात का, डोकं छताला लागतं का, सगळं बघायचा. विकणारा बिचारा हातात किल्ली धरून पुढे उभा.

"अरे बाबा, स्टिअरिंग पुढे असतं," बरोबरचा मिस्त्री म्हणायचा. "तू गाडी घेतोयस की खाट?"

हा मिस्त्री म्हणजे त्याच्या आत्याच्या दुकानाशेजारचा गॅरेजवाला. तोंडानं फार सैल, पण पोराच्या भल्यासाठी रविवारची झोप मोडून यायचा. त्याच्याकडे प्रत्येक गाडीला एक गोष्ट. त्याच्या मेहुण्यानं म्हणे एकदा गाडी घेतली ती केवळ रेडिओ झकास आहे म्हणून. महिन्याभरात इंजिन बसलं. मग मेहुणा संध्याकाळी दारातल्या बंद गाडीत बसून बातम्या ऐकायचा आणि बायको ताट गाडीतच नेऊन द्यायची. "सुखी आहे हो," मिस्त्री म्हणायचा. "त्याचा एकदाही अपघात झाला नाही!"

पोरगा हसायचा, आणि पुन्हा मागचं दार उघडायचा.

त्याचं कारण असं. आई-बाप लहानपणीच गेलेले. आत्यानं वाढवला. आत्या कपडे अल्टर करायची. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे घरात बोलणं कमीच. टाचण्या काढून जे काय बोलायची ते मग टोचायचंच. घर शहराच्या पार टोकाला आणि विद्यापीठ दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. जायला दोन बस, यायला दोन बस, आणि परतीची शेवटची सुटायची साडेपाचला. म्हणजे इकडे तास संपून माणसं सैलावली, कोणी चहाला निघालं, कोणी पायरीवर बसून गप्पांना सुरुवात केली, की हा दप्तर उचलून पळत सुटायचा. दोन वर्षांत त्यानं एकाही विनोदाचा शेवट ऐकला नव्हता. वर्गातली पोरं त्याला नावानं हाक मारायचीच नाहीत. साडेपाच म्हणायची. तेही मागून, कारण हा दिसायचा तो पाठमोराच.

त्याच्या मनानं घेतलं होतं, की आपण आणि माणसं यांच्या मधे फक्त एक बस आडवी आहे. ती बाजूला झाली की झालं. गाडी असली की थांबता येईल. थांबलो की ओळख होईल. ओळख झाली की अंधार पडल्यावर आपण म्हणू, "चला, सोडतो तुम्हाला." आणि मग मागे तिघं, पुढे एक. हे "चला, सोडतो" तो बसच्या खिडकीशी बसून मनातल्या मनात घोकायचा. एकदा मोठ्यानं म्हणून गेला, तर शेजारची बाई म्हणाली, "नको, माझा स्टॉप पुढे आहे."

सुट्टीच्या दिवशी तो फरशांच्या गोदामात खोकी उचलायचा. त्यातनं जे साठलं त्यात बसतील अशा दोनच गाड्या निघाल्या.

पहिली एका नर्सबाईंची. इवलीशी, दोन दारांची. बाईंनी पोटच्या पोरासारखी सांभाळलेली. क्लच नवा, बॅटरी नवी, पेट्रोल वास घेतल्यासारखं पिणारी. मिस्त्री तिच्याभोवती फिरला, खाली वाकला, उठला आणि पहिल्यांदाच गप्प झाला. मग कानाशी येऊन म्हणाला, "डोळे मिटून घे."

पोरगा पुढची सीट वाकवून कसाबसा मागे शिरला. गुडघे हनुवटीला लागले.

"मागे कोण बसतं, ताई?" त्यानं विचारलं.

"मागे? मागे माझी पिशवी बसते," नर्सबाई म्हणाल्या.

दुसरी गाडी होती एका रिटायर झालेल्या विमा एजंटाची. लांबलचक. सायलेन्सर गंजलेला, दुसरा गिअर रुसलेला, खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलेलं आणि त्यावर तेलाचा डाग. मिस्त्रीनं तो डाग बघूनच तोंड फिरवलं. पण मागची सीट! ऐसपैस. फटींत बिस्किटांचा जुना चुरा, काचेवर नखानं खरवडलेल्या चिकटचित्रांचे अवशेष, आणि दाराच्या आतल्या बाजूला पेनानं काढलेली तीन तोंडं.

"तीन मुली या सीटवर वाढल्या," एजंट म्हणाले. "काय भांडायच्या! पुढे बसलेल्याला रस्ता ऐकू यायचा नाही. आता तिघी तीन गावांना. गाडी इतकी शांत झालीय की चालवावीशी वाटत नाही बघ."

पोरगा त्या सीटवर मधोमध बराच वेळ बसून राहिला. मिस्त्रीनं ओळखलं, गेलं पोरगं हातचं.

"अरे, ही गाडी नाही, पाणपोई आहे. पेट्रोल वाटत फिरेल सगळीकडे. आणि मागे बसणार कोण?"

"मित्र."

"कुठले मित्र?"

पोरगा मागच्या खिडकीची काच खालीवर करून बघू लागला. घरी आत्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "बाजारात तुरी म्हणतात ते हेच. आधी चार माणसं मिळव, मग सीट बघ." पण गाडी दारात आल्यावर तिनंच उरलेल्या कापडाची चार आसनांची कव्हरं शिवली. मागची तीन पुरेत म्हणत होता तो, तिनं पुढचं एक धरून चार शिवली.

गाडी आली त्या सोमवारी साडेपाच वाजले आणि साडेपाच हलला नाही. कँटीनमधे त्याच मंडळींच्या टेबलाशी जाऊन बसला.

"अरे! बस चुकली?" एकानं विचारलं.

"नाही. गाडी घेतली."

"वा! पार्टी!" सगळे ओरडले, आणि पुन्हा आपल्या बोलण्याला लागले. कुठल्याशा पावट्याची गोष्ट चालली होती. पावट्या कोण, त्यानं काय केलं, त्याला ठाऊक नाही. विनोदाचा शेवट आला, सगळे पोट धरून हसले, हा पण हसला, एक क्षण उशिरा. आता शेवट ऐकायला मिळत होते, तर सुरुवाती दोन वर्षं मागे राहून गेलेल्या.

सात वाजता माणसं उठली. यानं छाती भरून श्वास घेतला आणि घोकलेलं वाक्य बोलला, "चला, सोडतो तुम्हाला."

"कुठे?" एकजण म्हणाला. "आम्ही समोर राहतो ना, होस्टेलला. ती बघ खिडकी."

रस्ता ओलांडून मंडळी गेली. बघा, दोन वर्षांत त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, की लांब राहणारा वर्गात तो एकटाच! चार कव्हरं घातलेली रिकामी गाडी घेऊन तो घरी आला. वाटेत दुसरा गिअर तीनदा अडला.

पुढे महिनाभर असंच. बसमधे निदान कोणाचा तरी कोपर लागायचा, कोणी पेंगत खांद्यावर यायचं. गाडीत तेही नाही. सकाळी जाताना सिग्नलला शेजारी त्याचीच जुनी बस थांबायची. मागच्या खिडकीतून पूर्वीची ओळखीची माणसं खाली बघायची, पण त्यांना दिसायचं ते गाडीचं छत.

आणि एक दिवस फोन वाजला. आत्या आणि मिस्त्री सोडून तिसऱ्याचा फोन! पोरगा उभा राहून बोलला. वर्गातले तिघं होस्टेल सोडून एका इमारतीत खोली घेत होते. "तुझी गाडी मोठी आहे ना रे? येशील?"

येशील काय! त्यानं गाडी आतून-बाहेरून धुतली, कव्हरं झटकली. तिथे गेल्यावर पोरांनी मागची सीट दुमडली आणि गाद्या, बादल्या, पंखा, पलंगाच्या फळ्या, पुस्तकांची खोकी असं सगळं ठासून भरलं. पुढच्या सीटवर आरसा ठेवला, पट्टा लावून. माणसांना जागाच उरली नाही. तिघं एका स्कूटरवर पुढे, आणि हा मागून, आरशात स्वतःकडे बघत. गाडी अशी भरलेली त्यानं पहिल्यांदाच चालवली.

अशा दोन खेपा झाल्या. तिसरी उतरवली तेव्हा दिवस कलला होता. शेवटचं खोकं उचलून एकानं पायानंच गाडीचं दार लोटलं. "थँक्स यार, फार मदत झाली. भेटू!" आणि तिघं जिन्याकडे वळले.

पोरगा किल्ली धरून उभा. असं "भेटू" ऐकून तो दोन वर्षं निघून जात आला होता. पण आज ना बस होती, ना दुसरं काही निमित्त. निघावं तर उगाच निघावं लागणार होतं.

"मी वर येऊ का?" तो म्हणाला. आवाज इतका मोठा आला की समोरच्या दुकानदारानं मान वर केली.

जिन्यातला मुलगा थबकला. "वर? अरे, बसायला जागा नाही अजून. सगळा पसारा आहे."

"उभा राहीन."

"मग ये की. पलंग जोडायचाय, फळी धर," असं म्हणून तो खोकं सावरत वर गेला.

गाडीची दारं एकेक करून हातानं लावावी लागायची. पाचही लावून, ओढून बघून, घाईघाईनं तो वर पोचला तर दार बंद. आत हसणं चाललेलं, कोणी खुर्ची ओढतंय. विसरले बहुतेक. त्यानं क्षणभर जिन्याकडे पाहिलं. मग दार वाजवलं.

आतलं हसणं थांबलं. "कोण?"

"मी."

"मी कोण?"

"आत्ता खाली होतो तो," तो म्हणाला.

कडी निघायला जरा वेळ लागला. पण निघाली.