नळ बंद, पंप चालू

गुरुवारी दुपारी दिवेआगरला आमच्या घरातले सगळे नळ बंद होते, आणि तरी प्रेशर पंप आपला घुर्र करून सुरू झाला. दोन मिनिटांनी बंद. पुन्हा सुरू... गेला महिनाभर हेच चाललं होतं.

आमच्याकडे पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. टाकीतलं पाणी हा पंप ढकलतो, म्हणून वरच्या मजल्यावर शॉवर चालतो. चालायचा, म्हणू या. हल्ली त्याखाली उभं राहिलं तर अर्धं अंग कोरडंच राहायचं.

आणि शनिवारी पुण्याहून चौदा माणसं येणार होती, त्यांच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीला. आधीच्या पाहुण्यांतल्या एक ताई डोक्याला शाम्पू तसाच ठेवून बादली मागायला खाली आल्या होत्या... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी काही शांत बाई नाही. आधी नवऱ्यावर चिडले, मग पंपाच्या कंपनीवर, मग आमच्या संदेश इलेक्ट्रिशियनवर. त्या बिचाऱ्याने प्रेशर स्विच बदलला, फिल्टरमधली वाळू काढली, शॉवरच्या जाळ्या घासून दिल्या. कुठेतरी लाइन गळत असेल म्हणून प्रत्येक नळाखाली बॅटरी मारून पाहिलं. एक थेंब नाही.

सासूबाई मात्र मजेत. त्यांनी पाहुण्यांना अळूवडी कबूल केली होती. न्हाणीमागचं अळू यंदा असं काही माजलं होतं की एकेक पान सुपाएवढं... येणाऱ्याजाणाऱ्याला नेऊन दाखवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या हाताला गुण आहे."

शुक्रवारी सकाळी पानं काढायला मी गेले, तर चप्पल चिखलात रुतली. न्हाणीमागे अळू म्हणजे ओल असणारच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, संदेशसुद्धा. पण न्हाणीचं पाणी तर आम्ही केव्हाच शोषखड्ड्यात सोडलंय... मग हे कुठलं?

"आई, अळूला पाणी किती घालता?"

"मी? दिवाळीपासून एक तांब्या घातला नाय."

लगेच संदेशला बोलावलं. सासूबाईंनी आधी सगळी पानं काढून घेतली, मगच खणू दिलं. हातभर खाली पंपाचा पाइप सापडला आणि त्याच्यावर कुदळीचा घाव. त्या घावाची चीर हळूहळू वाढत गेली होती आणि महिनाभर सगळं प्रेशर जमिनीत जात होतं.

आता कबुली देते. दिवाळीत तिथे अळूचे कंद लावले ते मीच. जागा सासूबाईंनी दाखवली, कुदळ माझ्या हातात होती. काहीतरी टणक लागलं होतं खरं... मला वाटलं, दगड असेल.

महिनाभर घर डोक्यावर घेतलेली मी, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. सासूबाई खड्ड्यात डोकावल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे हाताला गुण तुझ्याच होता की गं."

आधी संदेश हसला, मग नवरा, मग मीही.

शनिवारी आजोबांनी वरच्या शॉवरखाली अर्धा तास आंघोळ केली आणि सात वड्या खाल्ल्या. संदेशला मी सॉरी म्हणून वड्यांचा डबा दिला. अळू जरा मलूल झालंय, म्हणून रोज संध्याकाळी त्याला एक बादली मी घालते.

पंप आता गप्प असतो. पण सुनेला बोल लावायची इतकी आयती संधी आईंनी हसून सोडून दिली ना... मला त्याचंच जास्त बरं वाटतंय.